तीन थापा

"बाई, बांधायचा पट्टा बरोबर घ्या," काकासाहेब म्हणाले.

दीपमाला रिक्षात कागदी पिशव्यांचे गठ्ठे रचत होती. तिने मानही वर केली नाही. "नाय घेणार."

"अहो, शहागंजचा बाजार आहे तो, आपलं अंगण नाही. ईद चार दिवसांवर आलीय, पाय ठेवायला जागा नसंल तिथं. कृष्णा बिथरला तर काय करणार?"

"बिथरायच्या आधीच बघायचं, साहेब. सहा महिने झाले, तेच तर करतोय आपण."

काकासाहेब संस्थेचे अध्यक्ष. माणूस वाईट नव्हता, पण उभी हयात कचेरीत गेल्यामुळे संकटानेसुद्धा आगाऊ लेखी सूचना देऊनच यावं अशी त्यांची अपेक्षा असे. ते घसा खाकरून म्हणाले, "मग ऐका. आज काही झालं, तर उद्या आवडाबाईला बोलावून सांगणार, पोरगं घरी घेऊन जा म्हणून. मला बाकीची तीस मुलं सांभाळायचीत."

त्या 'मुलां'पैकी दोघांना टक्कल पडलं होतं आणि एकीची नात शाळेत जाईल एवढं तिचं वय होतं. गतिमंद, स्वमग्न अशी ही माणसं कार्यशाळेत पिशव्या करायला येत. वय काहीही असो, बोलताना सगळी मुलंच. कृष्णा सव्वीस वर्षांचा, सहा फूट उंच, आणि आजवर एक शब्द न बोललेला. त्याची आई आवडाबाई क्रांती चौकाजवळच्या एका खाणावळीत सकाळपासून भाकरी थापायची. कार्यशाळेत जागा मिळण्याआधी ती त्याला खोलीत कोंडून, बाहेरून कुलूप लावून कामाला जायची. दारावर डोकं आपटून पडलेली खोक अजून त्याच्या कपाळावर दिसे. घरी घेऊन जा म्हणजे पुन्हा ते कुलूप.

दीपमाला अकरा वर्षांपूर्वी संस्थेत मदतनीस म्हणून लागली, तेव्हा तिची ख्याती निराळीच होती. कुणी अनावर झालं की तिघं जण त्याला दाबून धरत आणि दीपमाला रुंद सुती पट्ट्याने खुर्चीला बांधत असे. "बाईंची गाठ सुटत नाय," असं सगळे कौतुकाने म्हणत. ही विद्या ती अजिंठ्याहून घेऊन आली होती. तिचा धाकटा भाऊ सर्जेराव असाच होता, नजर चुकली की रस्त्यावर पळायचा. आईबाप शेतात गेले की नऊ वर्षांची दीपमाला त्याला ओसरीच्या खांबाला बांधायची. एकोणिसाव्या वर्षी तो तापाने गेला. शेवटची आंघोळ घालताना तिला त्याच्या मनगटावरचा काळा वळ दिसला. तो वळ रोजच तिच्या डोळ्यांसमोर होता. पाहिला मात्र तिने त्या दिवशी. त्या वळाचं पाप आपलंच, असं तिला वाटे, आणि हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं.

म्हणूनच, अनावर होण्याआधीच प्रसंग टाळायचा कार्यक्रम संस्थेत सुरू करायचं ठरलं, तेव्हा तो कुणी चालवायचा यावर सगळ्यांनी छताकडे पाहिलं आणि दीपमालाने हात वर केला. तिने एक वही सुरू केली. मुलाने काय केलं हे त्यात लिहायचंच नाही. त्याच्या आधीच्या पाच मिनिटांत आपण काय केलं, ते लिहायचं. लोक हसले. तिने त्यांचं हसणंही त्या पाच मिनिटांच्या रकान्यात लिहून ठेवलं.

कृष्णा दुपारी एकच्या सुमारास बिथरायचा. भुकेने, असं सगळ्यांचं ठाम मत. आवडाबाई बिचारी दोन भाकरी जास्त द्यायला लागली. काही फरक पडेना. चाळीस दिवसांची वही समोर ठेवल्यावर दीपमालाने कपाळावर हात मारला. कृष्णा पंचवीस पिशव्यांचा गठ्ठा रचायचा, त्यावर पंजा ठेवून तीन थापा मारायचा, तेव्हा कुठे ते काम त्याच्या लेखी संपायचं. आणि जेवणाआधी टेबलं रिकामी करायच्या घाईत कुणीतरी, "चल राजा, जेवायला," म्हणत त्याच्या हाताखालून गठ्ठा ओढून न्यायचं. पहिल्या थापेलाच. घाई आपली, प्रेमही आपलं, आणि बांधत होतो मात्र त्याला.

त्या दिवसापासून तीन थापा होईपर्यंत गठ्ठ्याला कुणी हात लावला नाही. दुसरा नियम तिने सगळ्यांसाठी केला: कुणाचं बिनसलंच तर एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी मागे सरायचं. पूर्वी दहा जण एकदम "शांत हो, शांत हो" म्हणून ओरडत. हा नियम कुणी सर्वांत पक्का केला असेल तर श्रेयाने. श्रेया बावीस वर्षांची, डाउन सिंड्रोम असलेली, जीभ थोडी जड आणि स्वभाव हवालदाराचा. तिने एकदा खुद्द काकासाहेबांना ओठांवर बोट ठेवून गप्प केलं होतं.

दीपमाला, कृष्णा आणि श्रेयाला घेऊन रिक्षा शहागंजात पोहोचली तेव्हा खरोखरच पाय ठेवायला जागा नव्हती. संस्थेच्या पिशव्या विकत घेणाऱ्या मोहियोद्दीनचं सुक्या मेव्याचं दुकान गिऱ्हाइकांनी गच्च भरलं होतं. मागोमाग स्कूटरवरून काकासाहेबही आलेच.

कृष्णाने पहिला गठ्ठा काउंटरवर ठेवला. पंजा ठेवला. एक थाप मारली.

"हौ, हौ, लाव इधर," म्हणत मोहियोद्दीनने गठ्ठा ओढला. थापांचं दीपमालाने त्याला आधी सांगितलं होतं. पण रोज्याचा दिवस आणि समोर वीस हात, कुठे लक्षात राहणार!

कृष्णाची दुसरी थाप रिकाम्या काउंटरवर पडली. त्याच्या गळ्यातून घुमल्यासारखा आवाज निघाला. त्याने स्वतःचं मनगट दातांत धरलं आणि कोपराच्या धक्क्याने खजुराचं खोकं खाली आलं. "पागल है क्या?" "पकडो उसकू!" एकाने त्याची कॉलर धरायला हात पुढे केला. काकासाहेबांनी पिशवीत हात घातला आणि पट्टा बाहेर काढला. त्यांनी तो स्वतःच आणला होता.

दीपमाला पुढे झेपावली, पण तिच्या आधी श्रेया मधे उभी राहिली. दोन्ही हात पसरून, पाय रोवून.

"मागं व्हा! समदे मागं!" तिने काकासाहेबांकडे बोट केलं. "तुमी पन! एकच बोलंल. मी बोलते."

दीपमाला जागच्या जागी थांबली. तिचे हात शिवशिवत होते. चाळीस वर्षांची सवय होती त्यांना, धरायची, आवळायची. तिने ते पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट धरून ठेवले. त्या दुपारी शहागंजात तिने केलेलं काम एवढंच, पण यापेक्षा अवघड काम तिने जन्मात केलं नव्हतं.

"चाचा," श्रेया म्हणाली, "त्याचं हाय ते. परत द्या."

मोहियोद्दीनच्या डोक्यात एकदम उजेड पडला. "अरे तौबा! भूल गया, बेटा. ये ले." त्याने गठ्ठा होता तिथे ठेवला आणि गिऱ्हाइकांना दोन्ही हातांनी मागे सारलं. "कायकू घाई? ईद कुठं पळून जात नाय. जरा पीछे!"

सगळे मागे सरले. श्रेया हळू म्हणाली, "कृष्णा. तुजंच हाय."

घुमणं बराच वेळ चाललं. मग दात सुटले. पंजा गठ्ठ्यावर आला. एक. दोन. आणि तिसरी थाप अशी पडली की वजनकाट्यावरचे बदाम उडाले. कृष्णाने गठ्ठा आपल्या हाताने मोहियोद्दीनकडे सरकवला आणि खाली वाकून सांडलेला खजूर गोळा करायला लागला.

कॉलर धरायला आलेला माणूसही त्याच्याशेजारी उकिडवा बसला. दीपमाला भर बाजारात रडली, आणि रडताना हसलीही. आपण जिंकलो, हे तिला मोठ्याने ओरडून सांगावंसं वाटलं.

"बाई, पुढच्या हप्त्याला दोन गठ्ठे जादा," मोहियोद्दीन म्हणाला. "लेकिन थापा माझ्यासमोर पायजे. बिना थापेका माल मेरेकू नको."

चार वाजता आवडाबाई कार्यशाळेत आली. दारात काकासाहेबांना पाहून तिच्या तोंडचं पाणी पळालं. ते दारात दिसले की तक्रारच असायची.

"काय केलं का त्यानं, साहेब?"

"केलं ना. उद्यापासून त्याला अर्धा तास लवकर पाठवा. काम वाढलंय."

आवडाबाई पदर तोंडाला लावून उभीच राहिली. काकासाहेब आत आले आणि त्यांनी पट्टा दीपमालापुढे टेबलावर ठेवला. तिने तो उलगडला, सरळ केला, घडीवर घडी घालून एक लहानसा चौकोन केला आणि कपाटाची किल्ली शोधायला वळली.

ती परत वळली तेव्हा कृष्णा टेबलापाशी उभा होता. त्याने त्या घडीवर पंजा ठेवला. एक थाप. दुसरी. दीपमाला थांबून राहिली. तिसरी थाप मारून झाल्यावर त्याने घडी तिच्याकडे सरकवली आणि डबा उचलून आईच्या मागे निघून गेला.