अंबुबाईची हाक

तळवड्याच्या कारखान्यांच्या शेडांमधली चंद्री ही कुत्री फक्त अंबुबाईचं ऐकायची. पासष्टीची अंबुबाई कंपनीच्या गेटाबाहेर हातगाडीवर पिठलं-भाकरी विकायची. आज जिथं प्रेस मशीन धाडधाड आपटतात, तिथं एकेकाळी तिच्याच घरचा हरभरा पिकायचा. "आता घरी बस," असं मुलगा म्हणाला की ती उलट विचारायची, "घरी बसून भिंतींना भाकरी चारू व्हय?" दुपारचं गिऱ्हाईक ओसरलं की उरलीसुरली भाकरी मोडून ती एकच हाक द्यायची, "ये गं बाय!" आणि कपाळावर पांढरा ठिपका असलेली चंद्री असेल तिथून धावत यायची.

दर भादव्यात चंद्री माजावर यायची आणि दिवाळीच्या सुमारास व्यायची. मग माल भरायला मागं येणाऱ्या ट्रकांखाली एकेक पिल्लू जायचं. गेल्या वर्षी सहा गेली. अंबुबाईनंच ती फावड्यानं उचलून कुंपणाकडेला पुरली. शेवटचं तर तिच्या हातगाडीखाली, तिच्या चपलेवर झोपायचं.

त्याच कंपनीत माल तपासणाऱ्या, लातूरकडून आलेल्या रुपालीनं ते पाहिलं होतं. या वर्षी तिनं नसबंदीसाठी महापालिकेची गाडी तीनदा बोलावली. पण चंद्री महाबिलंदर, गाडीचा आवाज ओळखून पसार व्हायची. शेवटी रुपाली अंबुबाईपुढं येऊन उभी राहिली.

"मावशी, तुम्ही हाक मारली तर येईल ती. मग पालिकेची माणसं जाळी टाकतेत."

"आन् मंग? परत माज्या हाकंला येईल व्हय ती?"

पोरगी हटणाऱ्यातली नव्हती. "नाही येणार कदाचित. पण भादवा आठ दिवसांवर आलाय, मावशी. पुन्हा पिल्लं तुम्हालाच पुरावी लागतेत."

अंबुबाईला भयंकर राग आला, आणि तो पोरगी खरं बोलली म्हणूनच आला. दोन दिवस तिनं रुपालीला भाकरी दिली ती तिच्याकडं न बघता. तिसऱ्या दिवशी वाढता वाढता फटकन म्हणाली, "गाडी लांब हुबी करा. जाळी न्हाई लागायची, मीच धरीन. फसवायचंच हाय ना? मंग तिच्या तोंडावर फसवीन."

ठरल्या दिवशी तिनं हाक मारली. शेपटी हलवत चंद्री आली. अंबुबाईनं एका हातानं भाकरी पुढं केली आणि दुसऱ्या हातानं तिची मानगूट पकडली. चंद्री किंचाळली, भीतीनं तिच्या लुगड्यावर मुतली. अंबुबाईनं सोडलं नाही. पिंजऱ्यात तिनं स्वतः ठेवली, दार स्वतः लावलं, आणि गाडीवाल्याला तीनतीनदा बजावलं, "हितंच आणून सोडायची. हितंच."

पाचव्या दिवशी गाडीनं तिला तिथंच आणून सोडलं. ऑपरेशन झाल्याची खूण म्हणून कानाचं टोक कापलेलं होतं. अंबुबाईनं हाक मारली. चंद्रीनं वळूनही पाहिलं नाही. सरळ रस्ता ओलांडून ती भंगाराच्या ढिगामागं गेली.

हे अंबुबाईला फार लागलं. गिऱ्हाइकांवर खेकसणं वाढलं, पिठल्यात दोनदा मीठ पडलं. पण त्या दिवसानंतर तिनं चंद्रीला एकदाही हाक मारली नाही. रोज दुपारी ढिगापाशी भाकरी ठेवायची आणि पाठ फिरवून परत यायची. भाकरी संपलेली असायची, पण चंद्री काही जवळ फिरकायची नाही.

असे तीन आठवडे गेले. अंबुबाईचीच भाकरी खाणारी तांबडी नावाची दुसरी कुत्री नसबंदीची अजून राहिली होती आणि भादवा तर लागलाही होता. रुपालीची मात्र विचारायची हिंमत होईना. शेवटी अंबुबाईनंच विषय काढला.

"त्या तांबडीचं काय ठरवलंय?"

"राहू द्या, मावशी. तीही पाठ फिरवंल तुमच्याकडं."

"फिरवू दे. दोघींनी तोंड फिरवलं तरी चालंल. पण औंदा म्या फावडं हातात घेनार न्हाई. गाडी बोलव."

दुसऱ्या दिवशी गाडी लांब उभी राहिली. अंबुबाई भाकरी घेऊन गेटाशेजारी उकिडवी बसली. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच तिनं हाक मारली.

"ये गं बाय!"

तांबडी आली. अंबुबाईनं तिची मानगूट धरली, दुसरा हात पोटाखाली घातला आणि तिला छातीशी आवळलं. तेवढ्यात कोपराला काहीतरी ओलं लागलं. तिनं मान वळवली. कापलेल्या कानाची चंद्री तिच्या अंगाला अंग लावून उभी होती, शेपटी हलवत, भाकरीकडं बघत.

अंबुबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. पुसायलाही हात मोकळा नव्हता.

"तुजं झालंय गं बाय," ती म्हणाली. "तू बस."

आणि तांबडीला आणखी घट्ट धरून ती गाडीकडं चालायला लागली.