दोन वाजताची पाहुणी

लोणावळ्यात तुंगार्लीच्या चढावर एक बंगला आहे. आठवड्यातले पाच दिवस त्यात कुणी राहत नाही, आणि ही गोष्ट कुणाला कळू नये म्हणून श्रीपती ओव्हाळ तिथं एकवीस वर्षं नोकरीला आहे. सोमवारी वरच्या खोलीत दिवा लावायचा, मंगळवारी जिन्यात, बुधवारी स्वयंपाकघरात. बाल्कनीत दोन टॉवेल टाकायचे, कोरडे असले तरी. दाराशी साहेबांच्या जुन्या चपलांचा जोड ठेवायचा आणि तो रोज थोडा इकडं तिकडं सरकवायचा, कारण एकाच जागी पडून राहिलेली चप्पल चोर बरोबर ओळखतो. हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं, त्याचंच डोकं. आजूबाजूच्या बंगल्यांवरचे राखणदार त्याची टिंगल करायचे. पण त्यांच्यातल्या तिघांकडं चोऱ्या झाल्या आणि श्रीपतीकडं साधा नळसुद्धा गेला नाही.

घरात माणसं आहेत असं रोज सगळ्यांना भासवणारा हा माणूस स्वतः मागच्या एका खोलीत एकटा राहायचा. बायको हिरा जाऊन सात वर्षं झाली. गावी सुदुंबऱ्याच्या घरात भाऊ आणि त्याची मुलं. एकुलती एक लेक मानसी पुण्यात खराडीला, कुठल्याशा ॲपच्या कंपनीत गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायच्या कामावर. रविवारी फोन करायची. "जेवलात का, गोळ्या घेतल्या का, बरं ठेवते" यात सगळं उरकायचं. नोकरीला लागली तेव्हाच तिनं सांगून ठेवलं होतं की ऑफिसच्या वेळेत फोन करू नका, वरच्या साहेबांना लिहून देतात. श्रीपतीनं तो शब्द कधी मोडला नाही. मोडावासा मात्र रोज वाटायचा.

लॉकडाउनमध्ये हीच मानसी कॉलेज बंद पडलं म्हणून सव्वा वर्ष त्याच्या खोलीत येऊन राहिली होती. बंगल्याचं वायफाय मागच्या पायरीपर्यंत पोचतं. त्या पायरीवर बसून तिनं बापाला मोबाइलवरचा पत्त्यांचा खेळ शिकवला. सातगड त्याचं नाव. त्यात सात घराणी. अग्नी, वारा, नाग, शिकारी, वैद्य, चोर आणि राखणदार. तिचे मित्र घराण्याला क्लास म्हणायचे. एक घराणं घ्यायचं, त्याचे पत्ते जमवायचे आणि समोरच्याचा गड पाडायचा. अग्नीवाला आगीचे गोळे फेकतो आणि चार मिनिटांत डाव संपवतो. राखणदार कुणावर धावून जात नाही. तो भिंती बांधतो, बुरूज उभे करतो आणि समोरचा दमेपर्यंत थांबतो. एकेक डाव अर्धा अर्धा तास चालतो.

"आबा, हे घराणं तुमच्यासाठीच केलंय," मानसी म्हणाली होती.

"मंग दुसरं कशाला बघू?" असं म्हणून त्यानं तेच घेतलं आणि पुढं कधी बदललं नाही.

ती पुण्याला गेल्यावरही वर्षभर दोघं दुपारी दोन वाजता खेळायची. तिची जेवणाची सुट्टी तेव्हा आणि याचीही टाकी भरून झालेली. खेळात बोलता येत नाही. सहा तयार वाक्यं दिलेली असतात. नमस्कार, छान खेळी, अरे बापरे, चुकलं माझं, वाट पाहतो आणि पुन्हा भेटू. बापलेकीचा सगळा संसार त्या सहा वाक्यांत चालायचा आणि श्रीपतीला तो पुरायचा.

मग एक दिवस खेळातल्या ओळखीच्यांच्या यादीतून मानसीचं नाव गेलं. काम वाढलं असेल, असं त्यानं मनाला सांगितलं. आठवड्याभरात, बरोबर दोन वाजता, समोर नवंच नाव आलं. पाहुणी९८. घराणं राखणदार. राखणदार खेळणारं सहसा कुणी भेटतच नाही, आणि मानसीचा जन्म अठ्ठ्याण्णवचा. श्रीपती पायरीवर एकटाच हसला. पोरगी नाव बदलून आली होती. ऑफिसात कुणाला कळू नये म्हणून असेल, किंवा बापाची गंमत करायला. आपण ओळखलं असं म्हणायचं नाही, हेही त्यानं तिथंच ठरवलं. बोललं की लाजेल आणि यायची बंद होईल.

दोन वर्षं पाहुणी रोज आली. पावसात लाइट गेली की याचाच डाव बुडायचा, तिचा कधी नाही. आली की नमस्कार, जाताना पुन्हा भेटू. रविवारच्या फोनवर मानसी तुटक बोलायची, पण श्रीपतीला त्याचं काही वाटेनासं झालं. कामाच्या रगाड्यातून पोरगी रोज अर्धा तास आपल्याला देते, मग फोनवर आणखी काय बोलायचं राहिलं?

मग एका रविवारी साहेबांकडचं कुणी येणार नव्हतं, म्हणून मानसी लोकलनं लोणावळ्याला आली. चार महिन्यांनी आली. येताना बापाला शर्ट आणला, तो एक नंबर मोठा निघाला. त्यानं तसाच घातला आणि बाह्या दुमडल्या. सुकट आणि तांदळाची भाकरी केली होती. पोरीनं तीन भाकऱ्या खाल्ल्या तेव्हा त्याला बरं वाटलं. भांडी घासून दोघं मागच्या पायरीवर आली तेव्हा दोन वाजायला आले होते. श्रीपतीला राहवलं नाही.

"आज तू हितंच हायेस, म्हंजे आज डाव न्हाई," तो म्हणाला.

"कसला डाव?"

"बास कर आता. मला पयल्या दिवसापासून ठावं हाय. शुक्रवारी बुरूज लय उशिरा बांधलास तू. मी मुद्दाम थांबलो, तुला बांधू दिला."

"आबा, तुम्ही सातगड अजून खेळता? मी तर दोन वर्षांपूर्वीच काढून टाकला फोनमधून."

श्रीपतीला वाटलं, ही अजून गंमतच करते आहे. त्यानं मोबाइल काढून खेळ उघडला. तिचा मोबाइल आत खोलीत चार्जिंगला लावलेला होता आणि तिचे दोन्ही हात, भांड्यांनी ओले, तिच्या मांडीवर होते. घड्याळात दोन झाले. पडद्यावर पाहुणी९८ आली आणि म्हणाली, नमस्कार.

मानसीनं मोबाइल हातात घेतला. नावावर बोट दाबून काहीबाही उघडून पाहिलं. असली ॲपं हाच तिचा धंदा, त्यामुळं तिला शोधायला वेळ लागला नाही. बोलायलाही लागला नाही.

"हे माणूस नाहीये, आबा. मशीन आहे. राखणदार कोणी घेतच नाही ना, मग जे थोडे घेतात त्यांना समोर कोण द्यायचं? कंपनी मशीन बसवते. नाव, आकडा सगळं आपोआप तयार होतं. आणि तुमच्यासारखं रोज एकाच वेळी येणाऱ्याला एकच मशीन देतात, म्हणजे ओळखीचं वाटतं आणि माणूस गेम सोडत नाही."

"का घेत न्हाईत?" श्रीपतीनं विचारलं. त्याला खरं म्हणजे दुसरंच काही विचारायचं होतं.

"कारण नव्या माणसाला अग्नी फुकट मिळतो. पहिल्या दिवशी हातात येतो, मग पत्ते त्याचेच साठतात. साठवलेलं सोडून नवीन कोण मांडतंय? शिवाय लंचमध्ये त्याचे तीन डाव होतात. हरलं तरी चारच मिनिटं गेली, जिवाला लागत नाही. आणि सगळे तिथंच आहेत म्हणून नवे पण तिथंच जातात. कंपनीनं दोनदा अग्नीचे पत्ते कमजोर करून पाहिले, कोणी हललं नाही."

"आपल्या हितल्यासारखंच की," श्रीपती म्हणाला. "एवढा मावळ पडलाय मोकळा, पण गाड्या सगळ्या भुशी डॅमला अन् टायगर पॉइंटला. गर्दीच्या नावानं शिव्या घालत्यात, अन् पुन्यांदा तिथंच येत्यात."

मानसी हसली, आणि हसता हसताच तिच्या लक्षात आलं. तिनं मोबाइल खाली ठेवला. "आबा, तुम्हाला ती मी वाटत होते?"

"न्हाई गं. गंमत केली."

पाचच्या लोकलसाठी निघताना ती फाटकापाशी थांबली. "मला एकदा विचारायचं होतंत," ती म्हणाली.

"काय इचारायचं?"

रिक्षा आली आणि ती गेली.

सोमवारी श्रीपतीनं खेळ उघडला नाही. दोन वाजता टाकीवर चढून शेवाळ घासत बसला. टाकी त्यानं गेल्याच आठवड्यात घासली होती. त्याला लाज वाटत होती, आणि बघणारं कुणी नसताना वाटणारी लाज फार वाईट. दोन वर्षं तो एका यंत्राला छान खेळी म्हणत होता. दिवाळीला त्यानं यंत्राला मुद्दाम जिंकू दिलं होतं. संध्याकाळी वरच्या खोलीत दिवा लावायला गेला आणि बटणावर हात ठेवून तसाच उभा राहिला. आत कुणी नाही आणि दिवा लागतो, टॉवेल वाळतो, चप्पल सरकते. चोरांना आपण एकवीस वर्षं ज्यात फसवलं त्यातच कंपनीनं आपल्याला फसवलं. फरक एवढाच की चोर पुढं निघून जायचे, आपण दोन वर्षं दारात बसून राहिलो. दिवा त्यानं लावला, कारण ती नोकरी होती.

मंगळवारी त्यानं अग्नी घेतला. खरीखुरी माणसं हवी असतील तर ती तिथंच होती. अकरा डाव खेळला आणि अकराही हरला. दरवेळी त्यानं नमस्कार पाठवला, एकाचाही उलट आला नाही. एकानं मात्र गड जळत असताना अरे बापरे, अरे बापरे असं सात वेळा पाठवलं, चिडवायला. ते दिवटं माणूसच होतं याबद्दल शंका नव्हती. एवढ्या माणसांत पाऊण तास काढून श्रीपतीला सोमवारपेक्षा जास्त एकटं वाटलं. बुधवारी तो मुकाट्यानं राखणदाराकडं परतला. पाहुणी दोनला हजर होती. तिनं नमस्कार केला. त्यानं एकही पत्ता टाकला नाही. ती रागावली नाही, तिनं विचारलं नाही. वेळ संपल्यावर म्हणाली, पुन्हा भेटू.

गुरुवारी खेळ काढूनच टाकावा म्हणून त्यानं मोबाइल हातात घेतला. दोनला पाच मिनिटं कमी होती. पडद्यावर चौकट आली. मानसी तुम्हाला डावासाठी बोलावत आहे. खाली दोन बटणं, या आणि नको.

घाईत त्याचा अंगठा पहिल्यांदा बटणाच्या बाजूलाच पडला.

मानसीनं सगळं नव्यानं सुरू केलं होतं, म्हणून तिच्या हातात फुकटचा अग्नी होता. ती फार वाईट खेळली. त्याच्या दगडी भिंतीवर तिनं चारच्या चार आगी फेकल्या. दगडाला आग लागत नाही हे ती साफ विसरली होती. मग पाठवलं, चुकलं माझं. मग एका पत्त्याला इतका वेळ लावला की श्रीपतीला वाटलं वायफाय गेलं. ती जेवत असणार, एका हातानं खेळत असणार. पाहुणीनं दोन वर्षांत एकदाही दगडावर आग टाकली नव्हती. श्रीपतीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यानं नव्या शर्टाच्या मोठ्या बाहीला पुसलं आणि पाठवलं, छान खेळी. त्यानं तिच्यावर एकही वार केला नाही. नुसत्या भिंती बांधत राहिला, डाव लांबवत राहिला.

अकराव्या मिनिटाला तिचा पत्ता येईना. त्यानं पाठवलं, वाट पाहतो. थोड्या वेळानं पुन्हा पाठवलं. मग पडदा सोनेरी झाला, वाजंत्री वाजली आणि अक्षरं आली. समोरचा खेळाडू निघून गेला. तुम्ही जिंकलात.

अर्धा डाव टाकून पाहुणी कधी गेली नव्हती. श्रीपतीनं मोबाइल खिशात टाकला. मग पायरीवरून उठून भाकरीचं पीठ काढून ठेवलं, बागेला पाणी घातलं आणि दर दहा मिनिटांनी मोबाइल पाहिला.

सहा वाजता मेसेज आला. "सॉरी आबा. मॅडमनी बोलावलं, उठावं लागलं. मी हरले का?"

बंगल्यात दिवा लावायची वेळ झाली होती. श्रीपती अंगणातच उभा राहिला आणि एकेक अक्षर शोधत त्यानं लिहिलं, "न्हाई बाळा. डाव तसाच ठेवलाय."