एस. मिन

सितू मिनने पेनाला टोपण लावलं आणि कागद टेबलावरून परत क्वांगसाहेबांकडे सरकवला.

"मी सही करणार नाही."

क्वांगसाहेब या गोदीतल्या वेल्डिंग विभागाचे प्रमुख. त्यांनी चहाचा घोट घेतला. कागदावर लिहिलं होतं : जहाजाच्या तळटाकीच्या सांध्याला तडा. वेल्डर, एस. मिन. परवाना तीन महिने बंद.

जहाज परदेशी मालकाचं, म्हणून नोंदीही त्यांच्याच पद्धतीने : नाव आधी, आडनाव मागे. आडनाव एका अक्षराचं असतं, एवढंच त्यांच्या संगणकाला कोणीतरी शिकवलं होतं. सितू हे चिनी लिपीत दोन अक्षरांचं आडनाव. म्हणून संगणकात सितू हे नाव झालं आणि एका अक्षराचं मिन हे आडनाव. सितूच्या शेजारी काम करणाऱ्या मिन सूयुनचं आडनाव खरोखरच मिन. दोघीही 'एस. मिन'. दोन वर्षं दोघी कागदावर एकच बाई होत्या; 'मिन' अशी हाक आली की दोघीही वळायच्या.

सूयुन दारातच उभी होती. शिरस्त्राण काखेत, नजर जमिनीवर. तळटाकीत त्या दिवशी कोण उतरलं होतं, हे तिघांनाही ठाऊक होतं.

"कोणी केलं ते मी विचारतच नाहीये," क्वांगसाहेब म्हणाले. "तू कायम नोकरीतली. तीन महिन्यांनी परीक्षा देऊन परत येशील. ही कंत्राटावर. हिला उद्याच घरी पाठवतील. पदरात दोन वर्षांची पोर आहे."

हाताच्या तळव्यावरचा भाजल्याचा जुना डाग सितू अंगठ्याने चोळत राहिली. मग तिने कागद पुन्हा ओढून घेतला.

"बसते मी तीन महिने घरी. पण मिन म्हणून नाही."

'एस. मिन'वर काट मारून तिने शेजारी ठसठशीत चिनी अक्षरांत लिहिलं : सितू मिन. पहिल्या दोन अक्षरांखाली तिने रेघ ओढली.

"अगं, संगणक हे घेत नाही!"

"मग संगणकाला बसवा तीन महिने घरी. माझा बाप सितू, आजा सितू. शिक्षा भोगायची तर निदान माझ्या नावाने भोगेन."

"एवढ्याशा गोष्टीसाठी हट्ट?"

"एवढीशीच आहे ना? मग लिहा की नीट."

दारातून सूयुन पुढे आली. तिने त्या तीन अक्षरांकडे पाहिलं. ओली शाई कागदावर चमकत होती.

"सितूताई, दे इकडे."

"तू बाहेर थांब."

"नाही थांबत. इतके दिवस त्या 'एस. मिन'च्या आड लपून बसले होते. आता तू तुझं नाव लिहिलंस, तर मी लपू कुठे?"

तिने पेन घेतलं, सितूच्या नावावर रेघ मारली आणि खाली लिहिलं : मिन सूयुन. सांधा मी जोडला.

क्वांगसाहेब उठून उभे राहिले. "नोकरी जाईल, कळतंय का?"

"कळतंय," सूयुन म्हणाली. तिने पेन खाली ठेवलं नाही. शेवटी सितूने ते तिच्या बोटांतून सोडवून घेतलं, साक्षीदाराच्या रकान्यात आपलं नाव लिहिलं, आडनाव आधी, आणि म्हणाली,

"चल. तो सांधा कापून पाहू. चूक तुझी की लोखंडाची, ते तरी कळेल."

दोघी जिना उतरू लागल्या.

"मिन!" वरून क्वांगसाहेबांनी हाक मारली.

एकटी सूयुन मागे वळली.