खिडकी ओड्वारच्या बाजूची

इंगुनचा पहिला संशय आईच्या गुडघेदुखीच्या गोळ्यांवर गेला. आईने पाकीट काढून समोर आपटलं. तीन वर्षांपूर्वीचं, फोडलेलंसुद्धा नव्हतं. मग संशय खारवलेल्या मटणावर गेला, आणि शेवटी डॉक्टरवर. मार्चमध्ये वडील किडन्या निकामी होऊन गेले, तेव्हा हाच डॉक्टर ‘वयोमानानुसार’ म्हणाला होता. आता वर्षभरात आईच्या किडन्यांचं काम एकेचाळीस टक्क्यांवरून बत्तीसवर आलं, तरी त्याचा शब्द तोच.

“एकाच घरातल्या दोघांचं वय नेमकं किडनीतच कसं होतं?” इंगुनने विचारलं.

डॉक्टरने चष्मा काढला. हवेतली अगदी बारीक धूळ फुप्फुसांतून रक्तात उतरते आणि रक्त गाळायचं काम किडनीचं, असं त्याने सांगितलं. धुरकट हवेत राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या किडन्या लवकर थकतात, असं अभ्यासांत दिसत होतं. “पण तुमच्या आईचं तेच झालंय, असं मी लिहून देऊ शकत नाही. कुणीच देणार नाही. पंधराच्या आसपास आलं, की डायलिसिसचं बोलू.”

त्या यंत्रावर वडिलांनी आठ महिने काढले होते. इंगुनने शाळेतून हिवाळाभराची रजा घेतली आणि ती आईकडे राहायला आली.

जानेवारीत वारा पडला, की डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या, फ्योर्डच्या काठच्या या खोऱ्यातल्या थंड हवेवर झाकण बसतं आणि धूर वर जायचं विसरतो. आई दुपारी चारला मासे-बटाटे जेवून आडवी होई, तीही खिडकी सताड उघडी टाकून. बाहेर उणे आठ असलं तरी. या घरात बंद खिडकीआड कुणी झोपलंच नव्हतं. इंगुनलाही तान्ही असताना बर्फात, बाबागाडीतच निजवत. साडेचारला शेजारच्या ओड्वारच्या धुराड्यातून पिवळट लोट निघे, कुंपण ओलांडे आणि बारा पावलांवरच्या या खिडकीतून पाहुण्यासारखा आत येई.

“काय जाळतो हा माणूस?” इंगुनने चौकटीवरून बोट फिरवून काजळी दाखवली.

“लाकूड. आणखी काय जाळणार, बायकोचे झगे?” आई डोळे मिटूनच म्हणाली.

“आपल्या धुराड्यातून असा धूर नाही येत.”

“आपली शेगडी नवी आहे.”

“मग खिडकी तरी लाव.”

“माझी खिडकी, माझी झोप. दटावायचं तर शाळेतल्या पोरांना दटाव.”

आई इतक्या घाईने चिडली, की इंगुनच्या मनात पाल चुकचुकली.

वडिलांच्या कागदांत तिला नगरपालिकेचं पत्र सापडलं. जुनी धुरकट शेगडी मोडीत काढणाऱ्याला नवी घ्यायला मदत मिळे. सहा वर्षांपूर्वी अर्विदने, तिच्या वडिलांनी, जुनी मोडीत घातल्याचं सहीनिशी लिहून दिलं होतं. बाबा असे काटेकोर, आणि हा शेजारी बघा! पत्र खिशात घालून ती कुंपणापलीकडे गेली.

“आलीस?” त्र्याऐंशी वर्षांच्या ओड्वारने दार उघडलं. “म्हटलं, पडद्याआडूनच टेहळणी करतेस की काय. बूट काढ, कॉफी आहे.”

“कॉफी नको, काका. तुमची शेगडी बघायची आहे.”

“कुणी पाठवलं? नगरपालिकेने की तुझ्या आईने, बोर्गहिलने?”

“आईच्या किडन्यांनी.”

तो हसायला लागला आणि मधेच थांबला. बाजूला सरला.

शेगडीच्या बिडाच्या दारावर ओतीव अस्वल होतं. एका कानाचं. दुसरा कान सात वर्षांच्या इंगुनने बर्फगाडी आपटून तोडला होता.

“अर्विदने दिली,” ओड्वार म्हणाला. त्याला सांगताना आनंदच झाला होता. “माझी तडकली होती ना. म्हणाला, इतकं चांगलं बीड मोडीत कुठे घालायचं? ढकलगाडीवर घालून आणली आम्ही. त्याची पाठ महिनाभर आखडली होती.”

“आणि नगरपालिकेला?”

“माझी तडकलेली दिली, त्याच्या नावावर. शेगडी ती शेगडी!”

इंगुनचा हात खिशातल्या पत्रावरच राहिला. ओड्वारने खुर्चीत बसून पाय शेकायला पुढे केले. कणकेत दोरा रुतावा तसे मोज्यांचे काठ घोट्यांत रुतले होते.

“काका, रक्त कधी तपासलंत?”

“कशाला? वय झालंय, पोरी. त्याला रक्त काय करणार?”

ती परतली तेव्हा आई पलंगावर उठून बसली होती.

“ती शेगडी आपली आहे.”

“माहीत आहे.” आईने पांघरुणाची सुरकुती सारखी केली.

“सहा वर्षं! बाबा आजारी असतानाही? खिडकी लावता आली नाही?”

“त्याच्या स्वयंपाकघरातून दिसते ही. इतकी वर्षं उघडी असलेली खिडकी एकदम बंद दिसली, की माणूस काय ते समजतो. तोंडावर दार आपटल्यासारखंच की. आणि बोलायचं कुठल्या तोंडाने? दिली आम्हीच.”

“बाबांना कळलं होतं?”

“शेवटच्या महिन्यात म्हणाले, बीड चांगलं होतं गं, पण…”

“पण काय?”

“पुढे खोकला आला.”

इतके दिवस इंगुन धुराचा माग घराबाहेर काढत होती. तो फिरून वडिलांच्या सहीपाशी येऊन थांबला होता, आणि त्या सहीला जाब विचारायला आता कुणी नव्हतं.

“मी बोलते त्यांच्याशी. नाहीतर नगरपालिकेला कळवते. हे पत्रच आहे.”

“दे इकडे.” आईने पत्र घेतलं, घडी घालून मांडीखाली सारलं. “आणि माझा कोट दे.”

“कशाला?”

“दिलेली वस्तू देणाऱ्यानेच परत मागावी. तो नसेल तर त्याच्या बायकोने. तू मागितलीस तर भांडण होईल.”

“मी येते. बर्फ निसरडा आहे.”

“फाटकापर्यंत ये. आत आलीस तर टक्केवारी सांगत बसशील.”

“त्यांचे पाय सुजलेत, आई.”

कोटाच्या बाहीत अर्धा हात घालून आई थांबली. “अर्विदचे सुजले होते तसे?”

“तसेच.”

मग तिने बूट घालायला मदतही घेतली नाही. फाटकाशी तिने इंगुनच्या हातातून दंड सोडवला आणि एकेक पाऊल रोवत ओड्वारच्या पायऱ्या चढली. त्याने दार उघडलं. तिच्याकडे पाहिलं, फाटकाशी उभ्या इंगुनकडे पाहिलं. डोळे बारीक झाले.

“काय गं बोर्गहिल? या वेळेला? पोरगी काय सांगून आली?”

“कॉफी ठेव, शेगडीचं मग बोलू,” आई त्याला बाजूला सारत म्हणाली. “आधी बस, आणि ते मोजे काढ.”