शाबूत शिवण

मावशींचं दुकान मुळात पडद्यांचं आणि सोफ्याच्या कव्हरांचं. गावाबाहेर रॉकेट सोडणारी कंपनी आली, आणि इंजिनाला आगीपासून जपणारी जाड आवरणं शिवायचं काम त्यांच्याकडे चालून आलं. रॉकेट उडायचं, त्याचा खालचा भाग समुद्रात पडायचा, की पुढच्यासाठी नवी आवरणं. चार वर्षांत हाताखाली सातजणी आल्या. जुन्या गिऱ्हाइकांना मावशींनी गोड बोलून वाटेला लावलं.

मग एका सकाळी तो खालचा भाग गेला तसा परत आला आणि जमिनीवर ताठ उभा राहिला. अख्खं गाव गच्च्यांवर चढलं होतं. मावशींनीही हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या.

आठवड्याने कंपनीच्या इंजिनिअरने त्यांना बोलावलं. टेबलावर आवरण पसरलेलं होतं. कापड काळंठिक्कर, शिवण शाबूत.

"मावशी, एक टाका उसवला नाही," तो कौतुकाने म्हणाला. "आणखी दहा वेळा सहज चालेल."

म्हणजे दहा उड्डाणं नवं आवरण लागणार नाही, हे मावशींच्या लक्षात आलं. चेहऱ्यावर त्यांनी काही दिसू दिलं नाही. शिवणीवरून बोट फिरवत त्या एका कोपऱ्याशी थांबल्या.

"हे जरा वाकवा."

त्याने वाकवलं. कापड वाळक्या पानासारखं तडकलं.

"दर खेपेला हे कोण तपासणार?"

"आमची माणसं बघतील की."

"बघितलंच होतं ना त्यांनी?"

तो हसला, आणि मग हसायचा थांबला.

तपासणी आणि डागडुजीचं काम मावशींना मिळालं, पण ते तिघींपुरतंच. दुकानात त्यांनी सगळ्यांना बसवून सरळ सांगितलं.

"इतकं पक्कं शिवायलाच नको होतं आपण," त्यांची धाकटी जाऊ म्हणाली.

"कच्चं शिवलं असतं तर कधीच घरी बसलो असतो."

कोणाला ठेवायचं ते मावशींनी नजर आणि हात बघून ठरवलं. नातं बघितलं नाही. रॉकेटं आता महिन्याला दोनदा उडत होती, ती बघायला येणाऱ्यांना गावातल्या लॉजमध्ये खोली मिळेना. जावेला तिथल्याच धुलाईघरात काम लागलं. दोघी शहरात गेल्या. चौथी घरीच बसली. ती अजून रस्त्यात दिसली की मान फिरवते. मावशी तिला हाक मारत नाहीत, आणि रस्ताही बदलत नाहीत.