फोनला जोडलेला दणका

बाळांनो, जरा कल्पना करा. उद्या पहाटे, उजाडायच्याही आधी तुम्हाला उठायचं आहे, आणि तुमच्या कानांना काहीच ऐकू येत नाही. घड्याळ कोकलतंय, आई हाका मारतेय, कुणीतरी दार ठोठावतंय, पण तुमच्यापर्यंत त्यातलं काही म्हणजे काही पोचत नाही. मग कसे उठाल? लगेच उत्तर देऊ नका. विचार करत राहा. तेवढ्यात आपण दोन बहिणींची ओळख करून घेऊ.

धाकटीला घरात सगळे खुडबुड म्हणत. खरं नाव होतं, पण ते शाळेच्या हजेरीपुरतं. ती ज्या खोलीत असेल तिथून स्क्रू सांडल्याचा नाहीतर झाकण उचकटल्याचा आवाज यायचाच. थोरली ती ताई, खुडबुडीपेक्षा बरीच मोठी. ताईला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. घरात सगळे तिच्याशी हातांच्या खुणांनी बोलत. खुडबुड तर तोंडाने बोलायच्या आधी हातांनी बोलायला लागली होती. बाबांचे हात मात्र अजून अडखळायचे. एकदा त्यांना ताईला म्हणायचं होतं "दार लाव", आणि खूण झाली "बदक धू". ताई तेव्हापासून दार लावताना बदक धुतल्याचा अभिनय करायची.

ताईला ऐकू येत नसलं तरी तिच्यापासून काही लपत नसे. घराची जमीन लाकडी फळ्यांची होती. जिना चढून कोण येतंय ते ती पायांच्या तळव्यांनी ओळखायची. बाबांची डावी टाच जड पडते, आणि आई शेवटच्या पायरीवर दम खायला थांबते, हे तिनेच सगळ्यांना सांगितलं होतं.

आणि ताईला रोज सकाळी उठवायचं काम होतं खुडबुडीचं. ती पलंगाशी उभी राहून जमिनीवर टाच आपटायची. दण, दण. जरा थांबून आणखी एक, दण. ताई एक डोळा उघडायची आणि पांघरुणातून हात काढून खूण करायची, "हत्तीण आली."

आता अडचण काय झाली ते ऐका. ताई पाव भाजायचं काम शिकली होती. दुसऱ्या गावातल्या एका बेकरीच्या मालकीणबाईंना तिचा हात आवडला. त्यांनी तिला नोकरी देऊ केली आणि बेकरीमागची एक खोलीसुद्धा. काम सुरू व्हायचं पहाटे, कारण गावाला सकाळी ताजा पाव लागतो. रविवारपर्यंत उत्तर कळवायचं होतं.

"नोकरी चांगली आहे," बाबा म्हणाले. "पण तिथे हिला उठवणार कोण? दोनदा भट्टी उशिरा पेटली की तिसऱ्या दिवशी घरी पाठवतील."

"दिवा लावून ठेवू. वेळेवर आपोआप पेटेल असा," आई म्हणाली.

"ती डोक्यावरून पांघरूण घेते. सूर्य आणून ठेवलास तरी उपयोग नाही."

फोन उशीखाली ठेवून थरथरवायचा प्रयोग आधीच झाला होता. सकाळी फोन पलंगाखाली सापडला होता, उताण्या भुंग्यासारखा गुरगुरत. मनगटाला काही बांधलं, तर ताई ते झोपेत सोडून फेकायची.

ताईने सगळ्यांचे ओठ वाचले आणि उठून खिडकीपाशी गेली. तिची पाठ बघूनच खुडबुडीला कळलं की तिला ही नोकरी किती हवी आहे.

गल्लीच्या टोकाला त्यांच्या मावशीचं फोन दुरुस्तीचं दुकान होतं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटताच खुडबुड ताईचा जुना फोन घेऊन तिथे हजर.

"मावशी, याची थरथर मोठी करून दे."

"किती मोठी?"

"ताई पलंगावरून पडेल एवढी."

मावशी हसली. तिने फोनची पाठ गरम हवेने शेकली, कडेतून पातळ पट्टी फिरवली आणि पाठ अलगद उचलली. आत कोपऱ्यात बटणाएवढी एक चपटी चकती होती. "हीच ती थरथर," ती म्हणाली. "ही एक मोटर आहे. आत इवलंसं चाक फिरतं आणि त्याचं वजन मुद्दाम एकाच बाजूला ठेवलेलं असतं. तू एका हातात जड पिशवी घेऊन गिरकी घेतलीस तर काय होईल?"

"तोल जाईल."

"तसाच हिचा जातो, एका सेकंदात कितीतरी वेळा. तिचा तोल जातो म्हणून फोन थरथरतो."

"मग इथे मोठी मोटर बसव ना! खेळण्याच्या गाडीतली आहे माझ्याकडे."

"अगं, फोन हिला घोटभर वीज देतो. तुझी मोटर घागरभर मागेल. बिचारा फोन द्यायला जाईल आणि आतून जळेल."

खुडबुडीचं तोंड एवढंसं झालं. मावशी फोनची पाठ पुन्हा चिकटवायला लागली. शेजारी कुणाचा तरी फाटका स्पीकर दुरुस्तीला पडला होता आणि त्यावर गाणं लावून ठेवलेलं होतं. मावशीच्या हातून एक स्क्रू निसटला आणि नेमका स्पीकरच्या तोंडाशी ताणलेल्या कागदावर पडला. पडला, आणि टुणटुण उड्या मारायला लागला.

"मावशी, स्क्रू नाचतोय!"

"नाचणारच. आवाज म्हणजे दुसरं काय, हलणंच की."

बाळांनो, तुम्हीही आपल्या गळ्यावर तळहात ठेवा आणि तोंड मिटून लांबलचक "म्" म्हणा. हाताला कळलं? कान आवाज ऐकतात तेव्हा हेच हलणं हवेतून त्यांच्याकडे आलेलं असतं. हाताला ते कानांशिवायही समजतं.

खुडबुड त्या स्क्रूकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "कागदाने हवा हलवण्याऐवजी याने पलंगच हलवला तर?"

मावशीने हातातली पट्टी खाली ठेवली. एवढी वर्षं ती स्पीकर दुरुस्त करत होती, पण हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. "बस इथे," ती म्हणाली आणि तिच्यासाठी दुसरं स्टूल ओढलं.

त्यांनी तो फाटका स्पीकर त्याच्या मालकाकडून मागून घेतला. त्याचा कागद कात्रीने कापून टाकला, फक्त मधला गोल आणि त्याला धरून ठेवणारी जाळी तेवढी ठेवली. मधल्या गोलावर लोखंडी वायसर, म्हणजे मध्ये भोक असलेल्या चकत्या, एकावर एक चिकटवल्या, म्हणजे हलताना वजन हलेल. फोनच्या हेडफोनच्या भोकातून एक वायर काढली आणि ती काड्यापेटीएवढ्या ॲम्प्लिफायरला जोडली. ॲम्प्लिफायरला भिंतीतली वीज वेगळी दिली. "फोनने नुसतं सांगायचं, ताकद लावायची ती याने," मावशी म्हणाली.

सोल्डरिंग, म्हणजे डाख वितळवून वायरी जोडणं, खुडबुडीनेच केलं. पहिला टाका गोळा झाला, मळकट दिसला आणि ओढताच सुटला. "चकाकला पाहिजे," मावशी म्हणाली. "आधी वायर तापव, मग डाख आपण होऊन पसरतो. घाई त्याला आवडत नाही." तिसऱ्या खेपेला टाका थेंबासारखा चकाकला. मावशीने ओढून पाहिला आणि मान डोलावली. मान डोलावणं हे मावशीचं सर्वांत मोठं बक्षीस होतं.

संध्याकाळी ताई घरी नव्हती तेव्हा मावशीने घरी येऊन ते यंत्र पलंगाच्या उशाकडच्या फळीला खालून पक्कं बसवलं. आता गजर कुठला लावायचा? सगळे भोवती जमले. खुडबुड फोनवर एकेक आवाज लावून बघत होती.

"हा मऊ आहे," आई म्हणाली.

"हा बरा, पण अजून कर्कश हवा," बाबा म्हणाले.

शेवटी असा एक आवाज सापडला की पलंगाची फळीच किंचाळायला लागली. बाबांनी कान झाकले आणि खूश होऊन ओरडले, "हाच! हा ऐकून दगडसुद्धा उठून बसेल!"

दुसऱ्या दिवशी पहाटे गजर झाला. आई उठली, बाबा धडपडत उठले, खुडबुड टुणकन उठली. कुत्री भुंकायला लागली. मग दारावर थाप पडली. खालच्या मजल्यावरचे काका एकाच पायात चप्पल घालून उभे होते.

"आग लागली का हो?"

"नाही हो, मुलीला उठवतोय," आई म्हणाली.

"मग उठली का?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. ताई पांघरूण नाकापर्यंत ओढून शांत झोपली होती.

काका जिना उतरून गेले, आणि बाबा खुर्चीत बसले. "झालं. अख्खी इमारत उठली, हीच तेवढी उरली. मालकीणबाईंना नाही म्हणून कळवून टाकू."

खुडबुडीने डोळे पुसले आणि टाच आपटली. ताई उठली. तिने घरातले चेहरे पाहिले, पलंगाखाली वाकून ते यंत्र पाहिलं, फोनवर कुठला गजर लावलाय ते पाहिलं. मग तिचे हात इतक्या वेगाने चालायला लागले की बाबा मागे पडले.

"काय म्हणतेय?" त्यांनी विचारलं.

खुडबुड मान खाली घालून म्हणाली, "म्हणतेय, हे माझ्यासाठी केलंत ना? मग आवाज तुमच्या कानांना विचारून का निवडलात?"

घरात चार माणसं, आणि या कामातली खरी जाणकार होती ती एकटीच. नेमकं तिलाच विचारायचं राहिलं होतं.

ताई गजर पुन्हा लावून पलंगावर आडवी झाली. फोनवर आवाज बारीक-जाड करायची एक पट्टी होती, तिच्यावर तिने बोट ठेवलं, डोळे मिटले आणि बोट डावीकडे सरकवायला लागली. किंचाळणं उतरलं. त्याची शीळ झाली, शिळेचा घुमारा झाला, घुमाऱ्याची गुरगुर. ताईचं बोट चाललंच होतं.

"बंद पडलं," बाबा म्हणाले.

"बंद नाही पडलं," आई हळूच म्हणाली. "पाणी बघा."

पलंगाजवळच्या ग्लासात पाण्यावर वर्तुळं उठत होती. ऐकू मात्र जवळजवळ काहीच येत नव्हतं.

ताईचं बोट किंचित पुढे गेलं, वर्तुळं विरली. किंचित मागे आलं, पुन्हा उठली. "इथं," तिने खूण केली. "पलंगाला हा आवडतो." मग तिने यंत्र उशाकडून काढून मधल्या फळीला लावायला सांगितलं. उशाकडची फळी जाड आणि आळशी आहे, मधली पातळ आहे, ती कमरेशी बोलते.

तुम्ही झोपाळ्याला धक्का देता ना? मनाला येईल तेव्हा ढकललं तर झोपाळा अडखळतो. त्याच्या लयीत ढकललं की एका बोटानेही आभाळाला जाऊन भिडतो. प्रत्येक वस्तूची अशी आपली एक लय असते. पलंगाची लय ताईने पाठीने शोधून काढली. सबंध घराच्या कानांना जे जमलं नव्हतं, ते त्या एका पाठीने केलं.

रविवारी पहाटे बाबा परीक्षक होऊन दारात खुर्ची टाकून बसले. "कुणी हात लावायचा नाही. आणि कुणी टाच आपटायची नाही," त्यांनी खुडबुडीकडे बघत बजावलं. खुडबुड आपल्या दोन्ही पायांवर बसली, टाच चुकून हलायला नको म्हणून.

वेळ झाली. आवाज आला नाही. बाबांनी घड्याळ पाहिलं. "वाजला नाही वाटतं," ते पुटपुटले.

तेवढ्यात खुडबुडीच्या मनात आलं, की ताई उठली नाही तर ती जाणार नाही. इथेच राहील, रोज एक डोळा उघडेल, रोज हत्तीण म्हणेल. क्षणभर तिला बरं वाटलं. मग तिला स्वतःचाच राग आला, आणि ती पलंगाकडे बघत मनातल्या मनात म्हणाली, ऊठ ना गं. ऊठ.

पांघरुणाखाली पायाची बोटं हलली. मग पांघरूण कमरेपर्यंत सरकलं आणि ताई उठून बसली. केस विस्कटलेले, पण डोळे टक्क उघडे. तिने हात पुढे करून गजर बंद केला, खुडबुडीकडे पाहिलं आणि खूण केली, "मला वाटलं हत्तीण आली. पण ही तुझ्यापेक्षा सभ्य आहे."

बाबा उठले. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि या खेपेला मुळीच न अडखळता एकच खूण केली, "जा."

मग काय, घरभर पेट्या, पिशव्या, घड्या. आई गरम कपडे भरत होती आणि ताई ते हळूच काढून ठेवत होती. बेकरीमागच्या खोलीत पलंग तसाच लाकडी आहे का, हे मालकीणबाईंना विचारून झालं. तरीही तिथे गेल्यावर लय पुन्हा शोधायची, हे ताईने आधीच ठरवलं होतं.

यंत्र सोडवून पेटीत भरायचं काम खुडबुडीकडे होतं. ती पलंगाखाली शिरली, स्क्रूवर पेचकस ठेवला आणि थांबली. बाहेर येऊन तिने ताईचा फोन घेतला. गजराचा तो एकसारखा घुमारा तिने कापला, त्याचे तुकडे केले आणि मध्ये मोकळी जागा सोडून ते पुन्हा जोडले. दोन तुकडे जवळजवळ. जरा थांबून तिसरा, अगदी तिच्या टाचेसारखा.

आईने विचारलं, "अगं, झालं का काढून?"

"थांब, तपासायचंय."

खुडबुडीने दोन्ही कानांत कापसाचे बोळे घातले. पलंगाशी गुडघे टेकून बसली, डोळे मिटले, तळहात मधल्या फळीवर पालथा ठेवला, आणि गजर पहिल्यापासून लावला.