खरवडलेलं नाव

उद्या लॅसेल्सला जाऊन नववी रात्र. त्याआधी मेलेल्या माणसाची खोली उलटीपालटी करायची, म्हणजे तो परत आला तरी घर ओळखत नाही आणि मुक्काम ठोकत नाही. आयसिल्डाचे शेजारी सकाळपासून तिच्या नवऱ्याची खाट ओढत होते. तिची नजर मात्र एकट्या बंटिंगवर होती.

कित्येक वर्षं हा बाबा इकडे फिरकला नव्हता. एके काळी याच्या साउंड सिस्टीमवर, गल्लीत तबकड्या वाजवणाऱ्या मोठाल्या कर्ण्यांवर, अख्खं पश्चिम किंग्स्टन नाचायचं. लॅसेल्सच्या गिटारचा तो तुटक, उलटा ठोका, ज्याला पुढे जगाने रेगे म्हटलं, पहिल्यांदा तिच्यावरच वाजला. पण प्रतिस्पर्ध्यांना गाणं सापडू नये म्हणून हे सिस्टीमवाले तबकडीवरचं नाव नाण्याने खरवडून टाकत. गाणं गाजलं, मान दुसऱ्यांनी मिरवला. "त्या गिटारवरचा हात माझा," असं लॅसेल्स जन्मभर सांगत राहिला. लोक हसायचे. शेवटी शेवटी आयसिल्डालाही शंका यायची, म्हातारा बाता तर मारत नाही ना?

"मातीला आला नाही, आणि खाट ढकलायला बरा आला," ती शेजारणीला, पर्लला म्हणाली. "काहीतरी लांबवणार बघ."

"जाऊ दे गं मिस आयसी, म्हातारा झालाय."

"म्हातारी मांजरं दूध सोडतात होय?"

एवढ्या उकाड्यात बंटिंगच्या अंगातला कोट निघत नव्हता. सगळे खाटेशी झटत असताना तो हळूच लॅसेल्सच्या तबकड्यांच्या पेटीपाशी वाकला. आयसिल्डाने झडप घालून त्याचं मनगट धरलं.

"चोरा! काढ बाहेर!"

हातात तबकडी होती, मधला कागद खरवडून पांढरा झालेला. पण तो ती काढत नव्हता, आत सरकवत होता.

"गुपचूप ठेवून जाणार होतो," तो पुटपुटला.

"का? त्यात काय आहे? पर्ल, लाव गं."

आधी खरखर. मग तरुण लॅसेल्सचा आवाज: "आयसी, झाकण आपटू नकोस गं, टेप चालू आहे!" आणि लगेच गिटारचा तो ठोका.

स्टुडिओच्या मागच्या दारी ती तेव्हा सगळ्यांचा भात शिजवायची. दिवसभर गाणी चालायची, कुठलं कुणाचं हे तिला कधी कळलंच नाही. पण हे झाकण तिचंच होतं. म्हातारा बाता मारत नव्हता, आपणच त्याच्यावर संशय घेतला होता.

"हे तुझ्यापाशी होतं? आणि तो लोकांची थट्टा सोसत मेला?"

"आधी धंदा होता, मिस आयसी. नंतर लाज."

तिने खिशातलं नाणं त्याच्यापुढे धरलं. "कोर त्याचं नाव. सगळ्यांदेखत."

त्याने एकेक अक्षर कोरलं. मग तबकडी पेटीत ठेवायला हात पुढे केला. तिने ती काढून घेतली आणि पदराआड करावी तशी छातीशी धरली.

"ही माझ्यापाशीच राहील. हात तोच आहे तुझा, पुन्हा खरवडशील."

मग ती दाराकडे वळून ओरडली, "अरे, ती खाट होती तिथं ठेवा! ओळखू दे त्याला घर. गाणं ऐकून जाऊ दे."